नावावर कोणाच्या?

महिनाअखेर आली की आमच्या मेसमध्ये भांडण ठरलेलं असायचं. काकू म्हणायच्या खाडे चार, मुली म्हणायच्या सात. काकूंच्या वहीची पानं तेलाने चिकटलेली, त्यामुळे पुरावा कोणाकडेच नसायचा. २०२२ मध्ये कर्वेनगरातल्या त्याच मेसच्या बाकावर बसून मी आणि माझ्या रूमीने खाड्यांचं ॲप बनवलं. सकाळी ठरलेल्या वेळेआधी 'आज खाडा' दाबायचं, की काकूंच्या फोनवर डब्यांचा आकडा एकने कमी. बस, एवढंच. स्क्रीन तिने आखल्या, सर्व्हरचं मी पाहिलं, बाकी कोड निम्मा-निम्मा.

गूगल प्लेवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. रूमीचं कार्ड अडकलं, माझं चाललं. फॉर्मने विचारलं, खातं वैयक्तिक की संस्थेचं? आमची कसली आलीय संस्था! मी 'वैयक्तिक' दाबलं. रूमीने तिच्या वाट्याचे हजार रुपये तिथल्या तिथे जीपे केले आणि आम्ही चहा प्यायला गेलो. पुढची दोन वर्षं त्या प्रश्नाची आठवणसुद्धा झाली नाही.

२०२४ मध्ये ओळख पडताळणी करा असा निरोप आला. कागदपत्रं दिली. मग ॲपच्या पानावर, डेव्हलपरच्या माहितीत, माझं कागदोपत्री नाव दिसू लागलं. माझं, मग बाबांचं, मग आडनाव. मी स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला. बाबांनी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. रूमीलाही मी तोच पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान दिसतंय नाव." पुढे काही नाही. एरवी तिचा मेसेज पाच इमोजींशिवाय संपत नाही.

तोवर बारा-तेरा मेस आमचं ॲप वापरत होत्या आणि सर्व्हरचं बिल आम्ही खिशातून भरत होतो. मेसवाल्यांकडून महिन्याला थोडे पैसे घ्यावेत असं ठरलं. तेव्हा कळलं, की वैयक्तिक खात्यावरून प्लेवर कमाई सुरू केली की पूर्ण पत्ताही सगळ्यांना दिसतो. माझा कागदोपत्री पत्ता मिरजेचा, आणि तिथे दुपारभर आई एकटी असते. त्याच आठवड्यात एकाने एक स्टार देऊन लिहिलं होतं, 'खाडे खाऊन टाकता, कुठे राहता ते सांगा.' गंमतच असेल. पण मी ते चार वेळा वाचलं.

मग कंपनीच काढू, मी म्हणाले. कंपनीचं नाव पुढे, आपण मागे. ओळखीच्या सीएंनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, की कंपनी म्हणजे पडदा नव्हे. संस्थेच्या खात्यावरही संस्थेचा पत्ता दिसतोच. कंपनी मिरजेच्या घरात नोंदवली, तर मिरजेचंच घर दिसणार. नुसती प्रोप्रायटरी फर्म म्हणजे कायद्याने तुम्हीच. एकटीला काढता येईल अशी वन पर्सन कंपनी असते. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोघं लागतात. दोन्हींना एक रुपया आला नाही तरी दर वर्षी ऑडिट आहेच. वार्षिक फॉर्मना उशीर झाला, तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. एलएलपीलाही दोघं लागतात, दर वर्षी फॉर्मही भरावे लागतात, पण उलाढाल ४० लाखांच्या आणि भागीदारांनी घातलेले पैसे २५ लाखांच्या आत असले तर ऑडिटची सक्ती नाही.

"वन पर्सन बरं पडेल," मी म्हणाले. "सह्या कमी."

रूमी शेजारच्याच खुर्चीत बसली होती.

ती जिन्यात बोलली. आवाज अजिबात चढवला नाही. "नाव नसलं तरी चालेल गं. पण उद्या तू लग्न करून कॅनडाला गेलीस आणि खातं तुझ्याबरोबर गेलं, तर मी काकूंना काय सांगू?"

मी म्हणाले, तुला युझर म्हणून जोडलंय ना, सगळ्या परवानग्या आहेत. ती म्हणाली, "त्या काढून कोण घेऊ शकतं?"

त्या रात्री मला आत्या आठवली. आजोबा गेले तेव्हा तिने हक्कसोडपत्रावर सही केली होती. 'आपल्यात काय नावं लावायची' असं सगळेच प्रेमाने म्हणत होते. सातबाऱ्यावर भावांची नावं राहिली. आत्या अजूनही सुगीला येते, पोतंभर ज्वारी घेऊन जाते, आणि ती पाहुणी असते. त्यावरून मी बाबांशी कितीदा भांडलेय. आणि दोन वर्षं मी तेच केलं होतं, तेही सही न मागता. एका बटणावर.

आम्ही एलएलपी केली. करारात निम्मा-निम्मा हिस्सा लिहिला. कोणी सोडून गेलं तर काय, कोणाचं बरंवाईट झालं तर काय, हेही लिहिलं. ते लिहिताना दोघींना उगाच हसू येत होतं. पत्ता रूमीच्या वडिलांच्या चिंचवडच्या दुकानाचा दिला. त्यांचं ना-हरकत पत्र आणि लाइट बिल लागलं. कोणी भांडायला आलंच तर काका आधी चहा पाजतील. संस्थेच्या खात्यासाठी डी-यू-एन-एस नावाचा नऊ आकडी नंबर लागतो. तो फुकट मिळतो, पण ३० दिवसांपर्यंत थांबावं लागू शकतं. नंतर ॲप जुन्या खात्यातून नव्यात हलवलं. वापरणारे, रेटिंग, रिव्ह्यू सगळे बरोबर आले. तो एक स्टारवालाही.

परवा हॉस्टेलच्या एका ज्युनिअरने विचारलं, ताई, मी कोणतं खातं उघडू? तिला सांगितलं, एकटीच असशील, ॲप फुकट असेल, तर वैयक्तिक पुरे. फक्त आता नव्या वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. संस्थेला ती अट नाही. कर्ज-बँकिंगसारख्या सेवांचं किंवा व्हीपीएनचं ॲप असेल तर गूगल संस्थेचंच खातं मागतं. आयफोनसाठी ॲपलचे वर्षाला ९९ डॉलर, आणि तिथेही वैयक्तिक खात्यावर विक्रेता म्हणून तुझंच नाव दिसणार. लोकांचे फोन नंबर, पैसे हाताळणार असशील तर आज ना उद्या संस्था लागेल, कारण काही बिघडलं तर त्याची झळ तुझ्या स्वतःच्या पैशांना लागू नये.

मग विचारलं, कोड तू एकटीनेच लिहिलास का?

ती थबकली. "लोगो आणि अर्धं डिझाइन भावाचं आहे. पण त्याचं काही म्हणणं नाही."

"त्याला विचारलंस?"

एलएलपीचा वर्षाचा खर्च आमचं ॲप अजून भरून काढत नाही. खात्याची मालकी वैयक्तिक ठेवून साध्या कागदावर दोघींच्या सह्यांचा करार केला असता, तरी आमच्यातला प्रश्न बहुधा सुटला असता. तो कागद २०२२ मध्ये, चहाला जायच्या आधी, करायला हवा होता. रूमीने दिलेले हजार रुपये अजून माझ्या जीपेच्या हिस्टरीत आहेत. खाली तिने लिहिलंय, 'आपल्या ॲपचे.'