बांडी वेल

मामा आले ते कैऱ्यांची पिशवी घेऊन. मे महिना, दुपारचे बारा, बाहेर जालना नुसतं भाजत होतं. तांब्याभर पाणी पिऊन त्यांनी टोपीनं मान पुसली आणि कूलरशेजारच्या स्टुलावर त्यांची नजर अडकली.

"आगं, याला हळद्या झाला की! कामून ठेवलंस घरात? उपटून टाक. बाकीच्यांला लागंल."

मला हसू आलं. कुंडीत माझी 'मार्बल क्वीन' होती, पांढरे शिंतोडे उडालेल्या पानांची मनी प्लांटची जात. नर्सरीवाला तिला 'व्हेरिगेटेड' म्हणतो, पुस्तकात 'चित्रवर्णी' म्हणतात. मामांनी चष्मा लावून पुन्हा निरखलं आणि गुरांच्या बाजारातला शब्द काढला, "बांडी आहे म्हण की!" तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव बांडी.

मामांचं तरी काय चुकलं? ज्या डोळ्यांनी चाळीस वर्षं सीड प्लॉट राखले, त्यांना पानावरचा पट्टा म्हणजे रोगच. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या की तो हळद्या. पांढरी माशी तो या झाडावरून त्या झाडावर नेते आणि बघता बघता रान पिवळं होतं. आमच्या गावाच्या बियाण्याची गोष्टही भेंडीपासूनच सुरू होते. बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीकडून 'पुसा सावनी' भेंडीचं बी आणून इथं वाढवलं. त्या जातीचं मोठेपण हेच, की त्या काळी ती हळद्याला दाद देत नव्हती. १९६४ साली त्यांनी 'महिको' ही बियाण्याची कंपनी काढली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुन्या पेठेची. आमच्या पिढीनं पाहिलेलं सोनं म्हणजे बी आणि सळई.

बी शुद्ध राखायचं म्हणजे काय, ते मी भोकरदन तालुक्यात मामांच्या घरी पाहिलं. शाळेची शेवटची पाच वर्षं मी तिथं होते. कपाशीच्या प्लॉटात नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. उद्या उमलणारी मादीची कळी संध्याकाळीच हेरायची, अंगठ्याच्या नखानं सोलून तिचे पुंकेसर काढायचे, खुणेला दोरा अडकवायचा. सकाळी नराचं फूल तिच्यावर हलकेच फिरवायचं. याला सगळे 'क्रॉसिंग' म्हणतात. मधेच एखादं झाड निराळं दिसलं, पान रुंद, फुलाचा रंग दुसरा, की मामा ते मुळासकट उपटायचे. ती भेसळ. झाड कितीही जोमदार असो, बोंडांनी लगडलेलं असो, ओळीतल्या इतरांसारखं नाही एवढं पुरे. भेसळ राहून गेली तर प्लॉट फेल व्हायची धास्ती.

माझ्या दोघी मामेबहिणी पहाटे प्लॉटवर जायच्या. त्यांच्या अंगठ्यांची नखं काळी पडलेली असायची. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसायचे. "तिला बसू द्या, तिचं डोकं चालतं," असं मामा म्हणाले होते, आणि मग कुणी काही बोललं नाही.

बांडीची कथा मामांच्या प्लॉटाच्या नेमकी उलटी. हिच्या वंशात बियाला जागाच नाही. मनी प्लांट मूळचा ताहितीजवळच्या मोरेआ बेटावरचा. फुलोऱ्यासाठी जिबरेलिन नावाचं संप्रेरक लागतं, आणि ते बनवणारा जनुकच या वेलीत बिघडलेला आहे, असं २०१६ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. तिला आपसूक फूल आल्याची शेवटची नोंद १९६४ची. आमच्या गावात बियाण्याची कंपनी निघाली ते हेच वर्ष! तेव्हा जे काही आहे ते कांडीवर: तोडायची, लावायची, वाटायची. मनी प्लांट चोरूनच आणावा म्हणतात, तेही यामुळेच सोपं झालं असावं. कांडी खिशात मावते.

पांढऱ्या भागातल्या पेशींत हरितद्रव्य नसतं. एकाच शेंड्यात दोन तऱ्हेच्या पेशी शेजारी-शेजारी नांदतात, काही हिरव्या, काही कोऱ्या, आणि दोघींच्या लेकी मिळून पान घडवतात. म्हणून कांडी निवडताना पानाला भुलायचं नाही, खोड बघायचं. उसाच्या कांडीला असतो तसा पेराशी डोळा असतो. खोडावरची पांढरी रेघ त्या डोळ्याखालून जात असेल तर फूट बांडी येणार. रेघ पलीकडच्या अंगाला असेल तर हिरवी. मी पहिली कांडी लावली तेव्हा हे ठाऊक नव्हतं. सगळ्यात पांढऱ्या पानाची कांडी हौसेनं लावली. दीड महिना ती बाटलीत नवरीसारखी नटून उभी होती, मग देठापासून पिवळी पडली. नुसत्या पांढऱ्याला पोट भरता येत नाही.

जालन्यात हिला सांभाळणं म्हणजे पावसाळी बेटावरची पाहुणी उन्हाळ्यात ठेवून घेणं. बेचाळीस अंशांत हवा अशी कोरडी, की सकाळी वाळत घातलेली चादर नाश्त्याआधी कडक. आधी तिला पश्चिमेच्या खिडकीत ठेवलं, तर पांढऱ्या कडा पापडासारख्या भाजल्या. मग आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं, तर वेल लांबलचक आणि पानं बारकी. शेवटी पूर्वेची खिडकी, पातळ पडदा आणि शेजारी कूलर, पण झोताच्या वाटेत नाही. कूलरच्या दमटपणावर माणसांबरोबर तीही तगते. बोटाचं पहिलं पेर मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी. बोअरचं पाणी चालत नाही. कुंडीच्या काठावर क्षारांचा पांढरा थर धरतो आणि पानांची टोकं करपतात. तिला पावसाळ्यात पन्हळीखालच्या बादलीतलं पाणी, उन्हाळ्यात माठाच्या तळाला उरलेलं जारचं.

ते पाणी ओतताना हात थोडा चोरटा होतो. २०१२-१३च्या दुष्काळात मामांनी टँकर लावूनही मोसंबीची बाग वाचली नाही. वाळलेली झाडं तोडून त्यांनी सरपणाला घातली. आणि इथं मी, ना फळ ना फूल देणाऱ्या वेलीला विकतचं पाणी पाजते!

मामा आले त्या दिवशी बांडीच्या बुडातून एक फूट आली होती. गर्द हिरवी, एकही ठिपका नाही, महिन्यात बाकीच्यांच्या वर गेलेली. हिरव्याला अन्न जास्त, म्हणून वाढ जास्त. ती तशीच सोडली तर वर्ष-दोन वर्षांत सगळी कुंडी हिरवी होते, बांडी नावापुरतीही उरत नाही. म्हणून कात्री घ्यायची आणि सगळ्यात धडधाकट फांदी कापायची. मामांनी आयुष्यभर शुद्ध राखायला वेगळं उपटलं, मी वेगळं राखायला निकोप कापते. हे मी त्यांना चहा होईस्तोवर सांगितलं.

त्यांनी बांडीचं पान अंगठा-बोटात धरून चाचपलं, कापसाचा धागा बघावा तसं.

"म्हंजे हिरव्यानं कमवायचं अन् पांढऱ्यानं बसून खायचं?"

"हो, मामा."

मला ओसरी आठवली. काळी नखं आठवली. पुढं काही सुचेना.

मामांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली. "असू दे मग," ते म्हणाले, "घरात एखादं असं असतंच."

ते निघताना मी ती हिरवी फूट कापली आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या पिशवीत ठेवली. ती त्यांनी रांजणाजवळ, सांडपाण्याच्या ओलीत लावली. परवा मामेबहिणीचा फोन आला, "ताई, तुझी वेल कडुनिंबावर चढली. पानं सुपाएवढी व्हायलीत."

इकडे बांडीनं अख्ख्या उन्हाळ्यात दोनच पानं काढली. दुसरं तर जवळजवळ पांढरं आहे, सकाळच्या उन्हात त्याच्यातून बोटांची सावली दिसते. फार दिवस टिकायचं नाही. मी रोज उठून कुंडी थोडी फिरवते, हिरवी बाजू खिडकीकडे येईल अशी.