इतिहासाचा खुर्दा

कोणाला तिकिटें जमविण्याचा नाद असतो, कोणाला जुन्या हस्तलिखितांचा. आम्हां चौघांना नाद आहे तो इतिहासांतील खुर्द्याचा. लढाया, तह, राज्यक्रांत्या या इतिहासाच्या मोहरा; त्या पंडितांनीं मोजाव्या. थैलीच्या तळाशीं जो किरकोळ खुर्दा पडून राहतो, तो वेंचून आणावा आणि रविवारीं सकाळीं चहाबरोबर एकमेकांपुढें वाजवून दाखवावा, एवढाच आमचा उद्योग. बैठक भरते आमच्याच ओसरीवर. दोघे स्नेही, मी आणि माझे धाकटे चुलते नाना. नियम एकच: सांगितलेली गोष्ट खोटी ठरली, तर सांगणाऱ्यानें सर्वांना भजीं खाऊं घालावीं.

गेल्या पावसाळ्यांत विषय निघाला अब्राहम लिंकन यांच्या खुनाचा. १४ एप्रिल १८६५, गुड फ्रायडेची रात्र, वॉशिंग्टनमधील फोर्ड यांचें नाट्यगृह, रंगभूमीवर विनोदी नाटक चाललेलें, आणि खुनी कोण, तर जॉन विल्क्स बूथ नांवाचा नामांकित नट! आमच्यासारख्यांना याहून मोठी मेजवानी ती कोणती?

एका स्नेह्यानें सलामीलाच सांगितलें कीं, मृत्यूच्या वेळीं लिंकन यांच्या खिशांत दोन चष्मे होते, आणि पाकिटांत एकच नोट होती. तीहि बंडखोर दक्षिणी संस्थानांची, पांच डॉलरची. दुसऱ्यानें त्यांच्या थोरल्या मुलाची, रॉबर्टची, गोष्ट काढली. एकदां आगगाडीच्या फलाटावरून हा खालीं घसरला असतां एका गृहस्थानें कॉलर धरून त्याला वर ओढलें. तो गृहस्थ म्हणजे विख्यात नट एडविन बूथ, पुढें लिंकन यांच्यावर गोळी झाडणाऱ्याचा सख्खा भाऊ! १८८१ सालीं अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली तेव्हां हाच रॉबर्ट त्या स्टेशनांत हजर होता, आणि १९०१ सालीं अध्यक्ष मॅकिन्ले यांच्यावर हल्ला झाला त्याच दिवशीं तो बफेलो शहरीं येऊन पोंचला होता.

आतां मी मागें कसा राहणार? मीं मोठ्या ऐटींत म्हटलें, “लिंकन यांच्या चिटणिसाचें नांव केनेडी, आणि केनेडी यांच्या चिटणिसाचें नांव लिंकन!” नानांनीं शांतपणें चष्मा पुसला व म्हणाले, “दुसरें अर्धें खरें. एव्हलिन लिंकन या बाई केनेडींच्या चिटणीस होत्याच. पण लिंकन यांचे चिटणीस निकोले आणि हे. १९६३ सालीं केनेडींचा खून झाल्यावर असल्या योगायोगांच्या याद्या निघाल्या, त्यांतलें हें नाणें खोटें. भजीं लागूं झालीं!”

गेलेली पत भरून काढण्यासाठीं पुढच्या रविवारीं मी तयारीनेंच बसलों. विचारलें, “त्या रात्रीं लिंकन यांच्या बॉक्समध्यें चार माणसें होतीं. अध्यक्ष, त्यांच्या पत्नी, आणि आणखी कोण?” जनरल ग्रँट यांना निमंत्रण होतें व त्यांनीं तें नाकारलें, एवढें सर्वांना ठाऊक होतें. त्यांच्या जागीं कोण आलें, तें कोणालाच सांगतां येईना. मग मीं रंगवून सांगूं लागलों.

मेजर हेन्री रॅथबोन आणि त्याची वाग्दत्त वधू क्लारा हॅरिस. गोळीचा आवाज होतांच रॅथबोन बूथवर धांवून गेला. बूथनें सुऱ्यानें त्याचा हात खोलवर चिरला आणि बॉक्सवरून रंगभूमीवर उडी टाकली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सातच्या सुमारास लिंकन यांचा अंत झाला. रॅथबोन बरा झाला. १८६७ सालीं दोघांचें लग्न झालें, तीन मुलें झालीं. परंतु अध्यक्षांना आपण वाचवूं शकलों नाहीं, ही टोंचणी त्याला पोखरीत राहिली असें म्हणतात. त्याचें मन बिघडत गेलें. १८८३ च्या डिसेंबरांत जर्मनींतील हॅनोव्हर येथें त्यानें आपल्या हातानें क्लाराचा जीव घेतला व स्वतःवरहि वार करून घेतले. तो वांचला, आणि १९११ सालीं वेड्यांच्या इस्पितळांतच मेला.

“काय, आहे कीं नाहीं अस्सल नाणें?” मीं विजयी मुद्रेनें विचारलें.

चहाचे पेले घेऊन काकू दारांत केव्हांच्या उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, पण तुझा दोष नव्हता, असं त्याला कुणी सांगितलंच नाहीं का रे?”

कोणीच बोलेना. नाना अंगणाकडे पाहत होते. तेव्हां कोठें मला उमगलें, आणि माझें तोंड कोरडें पडलें. आमच्या माजघरांत बापूकाकांची तसबीर आहे. नानांचे पाठचे भाऊ. पन्नास वर्षांपूर्वीं श्रावणांत दोघे कृष्णेवर पोहायला गेले होते आणि नाना एकटेच परत आले, एवढेंच आम्हां मुलांना माहीत. त्याविषयीं घरांत कोणी विचारीत नसे व नाना सांगत नसत.

“सांगतात, सगळे सांगतात,” नाना हळूच म्हणाले. “पण रॅथबोनच्या हाताला सुरा तरी लागला होता. माझे दोन्ही हात शाबूत होते.”

काकूंनीं पेला त्यांच्यापुढें ठेवला आणि लोकांसमोर कधींहि न बसणाऱ्या काकू ओसरीच्या कडेला बसल्या. “पूर किती होता तें मीं घाटावरून पाहिलंय,” त्या म्हणाल्या. “शाबूत हातांनीं दुसरं काय होणार होतं?” मग नाना बोलूं लागले. ती हकीकत मी येथें लिहीत नाहीं. ती त्यांची आहे. दोन्ही स्नेही ऐकत राहिले. चहा निवून गेला.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. नाण्याची एक बाजू आपण वाजवून पाहतों. दुसऱ्या बाजूला कोणाचा तरी मुखवटा असतो, इकडे लक्षच जात नाहीं. क्लारा बिचारी माझ्या लेखीं एक चमत्कारिक शेवट होती, एवढेंच. तिच्याविषयीं पहिला सरळ प्रश्न विचारला तो इतिहासाचें एकहि पुस्तक न वाचलेल्या काकूंनीं.

पुढच्या रविवारीं बैठक मोडेल असें मला वाटलें होतें. परंतु नाना सर्वांच्या आधीं येऊन बसले होते, हातांत टांचणांचा कागद. “रॅथबोनच्या मुलाचं काय झालं, ठाऊक आहे?” त्यांनीं विचारलें. आम्हां कोणासच ठाऊक नव्हतें. “थोरला हेन्री पुढें इलिनॉयतर्फें अमेरिकेच्या काँग्रेसमध्यें निवडून गेला. लिंकन यांच्या स्मरणवस्तूंचा मोठा संग्रह सरकारनें विकत घ्यावा म्हणून तो झटला, आणि १९२६ सालीं सरकारनें तो पन्नास हजार डॉलरांना घेतला. ज्या रात्रीनें त्याच्या घराची राखरांगोळी केली, तिच्याकडे त्यानें पाठ फिरवली नाहीं.”

एवढें सांगून नानांनीं आंत हांक मारली, “अहो, ऐकलंत का? मुलगा निभावला बरं!”

आंतून काकूंचा आवाज आला, “मग आज भजीं माझ्याकडून.”