वरचा पैसा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्याकडे चौरंगावर तांब्याचे तबक मांडतात. त्यात आजीच्या वेळचे चांदीचे चार बंदे रुपये, एक शिवराई, थोड्या कोऱ्या नोटा आणि सर्वांच्या डोक्यावर एक नखाएवढा तांबूस पैसा असतो. नातीला दरवर्षी प्रश्न पडतो, "आजोबा, याला आता काहीसुद्धा येत नाही. मग हा वर का?" मी दरवर्षी एखादी थाप मारून वेळ मारून नेतो. यंदा मात्र खरे ते सांगून टाकावे म्हणतो. वयाची ऐंशी जवळ आली की माणसाला थापासुद्धा नव्या सुचत नाहीत.

१९५७ साली मी वाईला आजीजवळ शिकायला होतो. आजी फुलवाती करी. घाटावर देवळे पुष्कळ, त्यामुळे गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. त्यातून चातुर्मास लागला की कुणाचा लक्ष वातींचा नेम, कुणाचा आणखी कसला. पुडीला एक आणा हा तिचा भाव. पुड्या पोचवायच्या आणि पैसे आणायचे हे काम माझ्याकडे होते.

आजी शाळेत गेली नव्हती, पण पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तिला तोंडपाठ. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. आज हा हिशेब विचित्र वाटतो. पण अर्धा, पाव, अर्धपाव असे करीत माणूस भाकरी मोडतो, तसाच तो रुपया मोडत असे. अधेली, पावली, चवली, आणेली! कुठेही अपूर्णांक उरत नसे.

शिवाय रुपया म्हणजे तिच्या दृष्टीने नुसते नाणे नव्हते, ते वजनही होते. वेलदोडे घ्यायचे तर रुपयाभार. तागडीच्या एका पारड्यात रुपया टाकला की झाले. शेरशहाने सोळाव्या शतकात सुमारे १७८ ग्रेन चांदीचा रुपया पाडला, आणि कंपनी सरकारने १८३५ साली एकच रुपया सगळीकडे चालू केला, तो १८० ग्रेनचा, बरोबर एक तोळ्याचा. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी असे. पुढे महायुद्ध आले. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये ती साफ जाऊन निकेलचा रुपया हाती पडला. आजीने या दोन्ही गोष्टी सरकारी जाहिरनाम्यावरून नव्हे, कानावरून ओळखल्या. दगडी पायरीवर रुपया आपटून ती म्हणे, "याचा गळा बसलाय." तिचे जुने रुपये मग लाकडी डब्यातून कधी बाहेर आले नाहीत. चांगले नाणे घरात दडते आणि हलके बाजारात फिरते, हा अर्थशास्त्रातला प्रसिद्ध नियम मी पुढे कॉलेजात शिकलो. तो मला आमच्या माजघरातला वाटला.

अशा घरात १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला. कायदा १९५५ मध्येच झाला होता, पण मुहूर्त एप्रिलच्या एक तारखेचा! काकांनी तो आणून आजीच्या तळहातावर ठेवला. त्यावर हिंदीत 'रुपये का सौवां भाग' असे लिहिले होते. जुन्या ढब्बू पैशाशेजारी तो अगदीच पोरगेला दिसला. आजी म्हणाली, "हा हरवायलाच केलाय."

आता मुख्य गोष्ट. रुपयाचे शंभर नवे पैसे म्हटल्यावर आण्याचे सव्वासहा झाले. सव्वा पैसा पाडता येत नाही, म्हणून सरकारने कोष्टक काढले. एका आण्याचे ६, दोहोंचे १२, तिहींचे १९, चोहोंचे २५. शाळेत आमच्याकडून ते घोकून घेतले होते. आजीला मी एवढेच सांगितले, "पुडीला सहा." ते खोटे नव्हते. फक्त तीन पुड्या घेणाऱ्या घरी मी कोष्टकाप्रमाणे १९ घेई आणि आजीला पुडीच्या हिशेबाने १८ देई. सात पुड्यांचे येत ४४, आजीला मिळत ४२. कोणी फसले आहे असे मला वाटेना. गिऱ्हाईक कायद्याप्रमाणे देत होते, आजी ठरल्याप्रमाणे घेत होती. मधला पैसा कोणाचाच नव्हता, म्हणून तो माझा! मोठेपणी सरकारी कचेरीत नोकरी केली, तेव्हा हाच युक्तिवाद मी पुष्कळ थोरामोठ्यांच्या तोंडून ऐकला.

दिवाळीपर्यंत काडेपेटीत २३ पैसे जमले. पैकी बारांच्या मी टिकल्या आणल्या.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आजी नव्या पैशांचे सहा-सहांचे ढीग लावून बसली होती. सोळा ढीग झाले. तिने दोनदा मोजले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सोळ सक शहाण्णव. अरे, सोळा पुड्यांचा रुपया व्हायचा. माझ्या रुपयातले चार पैसे कुठे गेले रे?"

माझ्या तोंडचे पाणी पळाले. काकांनी पाटीवर सव्वासहाचा हिशेब मांडला. सवायकी येणाऱ्या बाईला तो कळायला किती वेळ! ती एवढेच म्हणाली, "म्हणजे आण्यामागे पाव पैसा कुठेतरी राहतोच." आणि वाती वळायला बसली.

रात्री सारे निजल्यावर मी उरलेले अकरा पैसे गुपचूप तबकात टाकले. सकाळी आजीने तबक उचलले, पैसे मोजले, डब्यात भरले. अवाक्षर बोलली नाही.

भाऊबीजेनंतर मी पुन्हा पैसे घेऊन आलो. तिने विचारले, "तीन पुड्यांचे किती आले?"

"अठरा... नाही, एकोणीस."

"अठरा डब्यात टाक. वरचा पैसा तुझा. पायपिटीचा."

तिला कळले होते की नव्हते, हे मी कधी विचारले नाही. १९६४ मध्ये पैशाचा 'नवा' गळला आणि तो नुसता पैसा उरला. त्याच वर्षी आजी गेली. ३० जून २०११ पासून पावलीही चलनातून गेली. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने अजून चालते म्हणतात, पण आमची भाजीवाली कायदा मानत नाही. गंमत अशी की, बँकेच्या पासबुकात मात्र व्याजाचे पैसे अजून दशांश चिन्हापुढे टुकटुक बघत बसलेले असतात. त्यांना हात लावायला आता कोणी पोर नाही.

तबकात असतो तो आजीने दिलेला पहिला वरचा पैसा. नातीला हे सांगितले की तिचा पुढचा प्रश्न काय असेल तेही मला ठाऊक आहे. ती हिशेबाला पक्की आहे. ती विचारील, "मग ते बारा पैसे?"

ते कृष्णेच्या घाटावर फटाफट वाजले.