राक्षसाचे नियम, माणसांचा संशय

राक्षस आणि जादूच्या गोष्टी लिहिणाऱ्याला लोक हमखास विचारतात, ‘एवढं भयंकर तुम्हाला सुचतं कुठून?’ खरं तर भयंकर सुचणं हा या कामातला सोपा भाग. वेताळ, खवीस, हडळ, मुंज्या, झोटिंग अशी फौज मराठीत आयतीच उभी आहे. लेखकाची वही भरते ती वेगळ्याच नोंदींनी : कुठल्या प्रकरणात कुणाला काय ठाऊक आहे, कोण काय दडवतंय आणि कोण भलत्यावरच संशय घेतंय.

जॉन डब्ल्यू. कॅम्पबेलची १९३८ सालची ‘हू गोज देअर?’ ही दीर्घकथा खरं तर विज्ञानकथा, पण संशयाची बांधणी शिकायला तिच्याइतकं चांगलं पुस्तक सापडणं अवघड. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या संशोधकांच्या तळावर परग्रहावरचा एक जीव शिरलेला आहे. तो ज्याला गिळतो त्याचं हुबेहूब रूप घेतो. खरा माणूस कोण, हे ठरवायला एका कुत्र्याला माणसाचं रक्त टोचून चाचणी तयार केली जाते, आणि ती फसते. ज्या दोघांचं रक्त वापरलं, त्यांतलाच एक जण आता माणूस राहिलेला नाही, एवढंच त्यातून कळतं. ते दोघे म्हणजे तळाचे डॉक्टर आणि तळप्रमुख. ज्यांच्या शब्दावर सगळे चालत होते, नेमके तेच. या एका घटनेने कॅम्पबेल सगळा तळ हादरवतो, आणि त्यासाठी त्याला राक्षस पुढे आणावाही लागत नाही.

मात्र हा संशय टिकतो तो राक्षसाचे नियम पक्के असल्यामुळे. त्या जीवाच्या रक्ताचा प्रत्येक थेंब स्वतंत्रपणे जगू पाहतो, म्हणून तापलेल्या धातूपासून तो पळतो. याच कथेवर बेतलेल्या, जॉन कारपेंटरच्या १९८२च्या ‘द थिंग’ या चित्रपटात तापलेल्या तारेचा प्रसंग अंगावर येतो, कारण चाचणी खरी आहे हे प्रेक्षकाला पटलेलं असतं.

राही अनिल बर्वे यांच्या २०१८च्या ‘तुंबाड’ या चित्रपटातही हेच दिसतं. हस्तर या शापित देवाची भूक, पिठाची बाहुली, पिठाचं रिंगण हे सगळं आधी नीट समजावून दिलेलं आहे. पुढे एकाऐवजी अनेक बाहुल्या नेण्याचा बेत ठरतो आणि तितकेच हस्तर समोर उभे राहतात. नियम तसाच राहिला, बापलेकांची हाव तेवढी वाढली. जिथे नियमच ऐनवेळी बदलतो, तिथे वाचक पात्रांवर संशय घेणं सोडून लेखकावर घेऊ लागतो.

भयकथाकार नारायण धारपांच्या वाचकाला एक आधार असायचा. त्यांच्या कथांमधले तारणहार समर्थ आले की आता निभावेल, असं वाटायचं. कथा सांगणाऱ्या अप्पा जोशींबरोबर वाचकही निर्धास्त व्हायचा. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली ‘लुचाई’ लिहिणाऱ्या धारपांना हा आधार काढून घेतला की काय होतं, हेही चांगलं ठाऊक होतं. काळ्या अद्भुतकथेत (डार्क फँटसीत) तो आधार नसतोच. तिथे राक्षस मारणारा माणूसही गावाला नकोसा असतो.

पोलिश लेखक आंद्झेय सापकोव्स्की यांची अशाच एका राक्षस मारणाऱ्यावरची, गेराल्टवरची पहिली कथा १९८६मध्ये ‘फँटास्टिका’ मासिकात आली. शापाने रक्तपिपासू झालेली राजकन्या रात्री शवपेटीतून उठते. राजाला ती जिवंत हवी आहे. तिसऱ्यांदा कोंबडा आरवेपर्यंत तिला शवपेटीबाहेर रोखलं तर शाप सुटेल, हा नियम. पण ऑस्ट्रिट नावाच्या सरदाराला तो सुटायलाच नको आहे. प्रजा राजाविरुद्ध उठावी म्हणून त्याला ती हिंस्र प्राणीच राहायला हवी. तो गेराल्टला पैसे देऊन परत पाठवू बघतो. गेराल्ट त्यालाच आमिष म्हणून राजकन्येपुढे बांधतो. राजकन्येची भीती वाटत राहते, पण चीड येते ती त्या सरदाराची, आणि थोडी गेराल्टचीही.

मराठीत लिहिताना इथे एक जास्तीची जबाबदारी येते. नंदुरबारकडच्या सातपुड्यात बायकांना डाकीण ठरवून मारहाण झाल्याची, गावाबाहेर हाकलल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३मध्ये महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने, अमुक व्यक्ती करणी करते असं सांगून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा ठरला. अशा राज्यात कादंबरीतल्या गावाने एका म्हातारीवर संशय घ्यायचा आणि शेवटच्या पानावर ती खरोखरच चेटकीण निघायची, ही कलाटणी हातखंडा असली तरी तिने गावाने म्हातारीवर उगारलेला दगड बरोबर ठरतो.

याचा अर्थ चेटकीण लिहूच नये, असा नाही. तिला ताकद द्यावी, राग द्यावा, हवं तर पिशाच्चही तिच्या हाताशी द्यावं. पण दुसऱ्या खर्ड्याला बसताना लेखकाने वहीत आणखी दोन रकाने आखावेत. म्हातारीचं नाव पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं, हा एक. ती गेल्यावर तिच्या शेताच्या सातबाऱ्यावर कुणाचं नाव चढणार, हा दुसरा. हे रकाने भरले की पहिल्या खर्ड्यात रात्री घडणारे बरेच प्रसंग उचलून दिवसाढवळ्या, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आणावे लागतात.