जिंकलास किती ते नंतर सांग, नाल किती गेली ते आधी सांग

पोस्ट थोडी मोठी आहे. पण ज्यांच्या घरातला पंचविशीचा मुलगा दर दोन-तीन आठवड्यांनी गोव्याला जातो आणि "फिरायला नाही, पोकर खेळायला चाललोय" असं सांगतो, त्यांनी तरी पूर्ण वाचावी.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. मोबाईलवरचं पोकर बंद झालं. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ चा आपला कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. त्यामुळे खेळणाऱ्यांचा रस्ता आता मांडवीकडेच जातो.

माझ्या मित्राचा मुलगा त्यातलाच. हुशार आहे, दारू पीत नाही, रागाच्या भरात खेळत नाही. नोकरी सोडून पोकरच करायचं म्हणतो. मी आयुष्यभर हिशेबतपासणीचं काम केलं, म्हणून त्याने वही माझ्यासमोर ठेवली. "काका, जुगार नाही हा. कौशल्य आहे. बघा आकडे."

आकडे असे: १५ वीकेंड, प्रत्येकी १५ तास, एकूण २२५ तास. निव्वळ फायदा ९०,००० रुपये. तासाला ४०० रुपये. तो १००-२०० च्या टेबलावर बसतो, म्हणजे बिग ब्लाइंड २०० रुपयांचा. पोकरवाल्यांच्या भाषेत तासाला दोन बिग ब्लाइंड. वही नीट लिहिलेली होती. पण त्यात एक रकाना नव्हता.

गावाकडच्या अड्ड्यावर मालक 'नाल' काढतो, हे आपल्याला माहीत आहे. कॅसिनोत तिला 'रेक' म्हणतात. पोकरमध्ये खेळाडू कॅसिनोविरुद्ध खेळत नाहीत, एकमेकांविरुद्ध खेळतात. कॅसिनो प्रत्येक मोठ्या डावातून ठरावीक टक्के काढून घेतो, बहुधा एका कमाल मर्यादेपर्यंत. डीलर दोन चिप्स बाजूच्या फटीत सरकवतो, कुणाचं लक्षही जात नाही.

आता साधं गणित करू. समजा, सरासरी डावातून ३०० रुपये जातात आणि तासाला ३० डाव होतात. म्हणजे टेबलावरून तासाला ९,००० रुपये गेले. खेळाडू नऊ, म्हणून प्रत्येक खुर्चीमागे तासाला साधारण १,००० रुपये. नऊ जण ५०-५० हजार घेऊन बसले, तर दहा तासांत साडेचार लाखांतले ९० हजार टेबलावरून नाहीसे होतात. कुणी कितीही छान खेळो.

म्हणजे आपला मुलगा तासाला ४०० नव्हे, १,४०० रुपये जिंकत होता. त्यातले हजार कॅसिनोचे. २२५ तासांत त्याच्या खुर्चीने कॅसिनोला सव्वादोन लाख दिले आणि त्याला ९० हजार उरले. त्यातून बस, खोली आणि जेवण वेगळं. हे सांगितल्यावर तो जरा गप्प झाला.

पण खरी अडचण पुढे आहे. पत्त्यांत नशिबाचे चढउतार प्रचंड असतात. अशा टेबलावर एका तासाचा निकाल सरासरीपासून सहज दहा हजार रुपये इकडेतिकडे होतो. संख्याशास्त्राच्या नियमाने २२५ तासांनंतरही तासाच्या सरासरीत साधारण ६५० रुपयांची चूक शिल्लक राहते, आणि खात्रीने बोलायचं तर तिची दुप्पट धरावी लागते. म्हणजे त्याची खरी कमाई तासाला १,७०० रुपये असू शकते, किंवा तो तासाला ९०० रुपये हरणारा खेळाडूही असू शकतो. वही दोघांची सारखीच दिसेल. ही चूक ४०० रुपयांवर आणायला २,५०० तास लागतात, म्हणजे असे १६० हून जास्त वीकेंड, तीन वर्षांपेक्षा जास्त. तोवर त्याच्या खुर्चीतून २५ लाख नाल गेलेली असेल. तुमचं कौशल्य मोजायला वर्षं लागतात, नाल मात्र पहिल्या तासापासून बिनचूक जाते.

म्हणून मी त्याला दोन रकाने करायला सांगितले: नाल धरून आणि नाल वगळून. कारण जागा बदलली, टेबल बदललं की नाल बदलते. लहान टेबलावर ती बिग ब्लाइंडच्या मानाने जड पडते. मोठ्या टेबलावर मर्यादेमुळे हलकी, पण तिथे समोरचे जास्त तयारीचे असतात. "मी दोन बिग ब्लाइंडवाला" हा आकडा खिशात घालून एका टेबलावरून दुसऱ्यावर नेता येत नाही.

सरकारची नाल तर वेगळीच. कॅसिनोत चिप्ससाठी भरलेल्या रकमेवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. शिवाय पत्त्यांत जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर, वर सेस, आणि हरलेल्या दिवसांचा तोटा त्यातून वजा होत नाही. त्याच्या १५ पैकी ९ वीकेंडना ३,९०,००० आले, ६ वीकेंडना ३,००,००० गेले. ३,९०,००० वर ३० टक्के म्हणजे १,१७,०००. हाती उरलेले ९०,०००. बघा आता.

"कौशल्याचा खेळ" म्हणणारे नेहमी सर्वोच्च न्यायालयाचा १९६७ चा सत्यनारायण निकाल सांगतात. रमी प्रामुख्याने कौशल्याची, असं त्यात आहेच. पण त्याच निकालात क्लब आकारत असलेल्या शुल्काचाही विचार झाला होता. सोयींसाठी माफक आकारणी चालेल, पण मालक खेळातूनच नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो, असं न्यायालयाने म्हटलं होतं. ही दुसरी बाजू जाहिरातीत कधी येत नाही. पोकरमध्ये कौशल्य आहे, हे मलाही मान्य आहे. प्रश्न एवढाच, की ते नाल भरून उरेल इतकं आहे का? टेबलावरच्या नऊपैकी बहुतेकांचं नसतं, आणि ते कौशल्य नाही म्हणून नव्हे.

मला वाटतं, परवाना देणाऱ्या सरकारने एक अट घालावी. प्रत्येक पोकर टेबलाशेजारी पाटी हवी: या टेबलावर गेल्या महिन्यात दर खुर्चीमागे तासाला सरासरी इतके रुपये रेक गेली. कॅसिनोकडे हा आकडा असणारच. सिगारेटच्या पाकिटावर इशारा चालतो, मग इथे का नको?

मुलाने राजीनामा अजून दिलेला नाही. हजार तास होईपर्यंत नोकरी सोडणार नाही, एवढं कबूल केलंय. त्याच्या आईला ते पुरेसं वाटत नाही, आणि तिचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

तुमच्या घरात अशी वही असेल तर भांडू नका. शेजारी बसा आणि नालेचा रकाना भरायला लावा. आणि पाटीच्या मागणीवर तुमचं काय मत आहे, ते खाली जरूर लिहा.