खुंबूतली वही (भाग दुसरा)

५ एप्रिल, फाकदिंग

रात्री एकला काठमांडू सोडलं. हंगामात लुक्लाची विमानं मंथलीहून सुटतात, म्हणून आधी पाच तास जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची. विमान साडेसहाचं, सुटलं अकरा वीसला. आधी लुक्लाला ढग, मग मंथलीला ढग, मग वैमानिक नाश्त्याला.

चहा (तीनदा) १८०, चाउचाउ १५०, जादा सामान २४००. सगळे नेपाळी रुपये. आपला एक म्हणजे त्यांचे १.६०.

लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर, तीही चढावर. अलीकडे दरी, पलीकडे डोंगर. आमच्या डॉक्टरांनी डोळे गच्च मिटून घेतले होते, ते बघून मला काही बरं वाटलं नाही.

७ एप्रिल, नामचे

३४४० मीटर. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी वर दीडशे मीटर उरतात.

ऑक्सिजन ८८, नाडी ९६. अंघोळ ६००, चार्जिंग ५००. अंघोळीचं पाणी मध्येच गार झालं. जिथून एव्हरेस्ट पहिल्यांदा दिसतं म्हणतात त्या वळणावर ढग. घसा खवखवतोय.

८ एप्रिल, नामचे

'विश्रांतीचा दिवस.' स्यांगबोचेपर्यंत चढलो आणि उतरलो. ढग. घसा तसाच. अंघोळ नाही.

९ एप्रिल, तेंगबोचे

फुंकी थांगाला दूधकोशी ओलांडली की तेंगबोचेपर्यंत सलग सहाशे मीटर चढ. अर्ध्यावर एक भरिया, म्हणजे हमाल, उभ्या उभ्या विसावला होता. पाठीवर डोको, म्हणजे टोपली, त्यावर प्लायवूडचे तक्ते, सगळा भार कपाळावरच्या नाम्लोच्या पट्ट्यावर. हातातली टी आकाराची आखूड काठी, टोक्मा, त्यानं डोकोच्या बुडाखाली टेकवली होती. ओझं काठीवर, माणूस मोकळा. खाली बसला असता तर उठवायला दोघं लागले असते. मी शेजारी धापा टाकत थांबलो आणि पुढच्याला ओरडलो, "थांब रे, जरा श्वास घेऊ दे."

भरिया म्हणाला, "सावकाश जावा भाऊ, घाई नको."

चक्क मराठी! वाकडला चायनीजच्या गाडीवर तीन वर्षं होता. शेर्पा नव्हे, राई, घर खोटांगकडे. मंचुरियन अजून येतं म्हणाला, मराठी शिव्या त्याहून चांगल्या येतात. दोन-तीन ऐकवल्या, उच्चार निर्दोष. माल किलोवर वाहतो. जेवढं वजन तेवढे पैसे, वाटेतलं खाणंपिणं स्वतःचं. आज किती, तर ऐंशी. माझ्या पाठीवर पाण्यासकट नऊ होते.

वर पोचल्यावर त्याला म्हटलं, "भाइ, चहा घेऊ." त्यानं चार चमचे साखर घातली. प्लायवूड लोबुचेच्या कुठल्याशा लॉजसाठी होतं. मग विचारलं, "तुम्ही वरून काय आणणार?" चेष्टा नव्हती, त्याच्या धंद्यात वर न्यायचा माल असतो तसा खाली आणायचाही असतो. म्हटलं, कचरा. प्रत्येक गिर्यारोहकानं आठ किलो खाली आणायचा असा नियम आहे.

"आठ?" म्हणाला आणि बराच वेळ हसत राहिला.

गोंपा १९८९ मध्ये जळाला होता, नंतर पुन्हा बांधला. आज नीट पाहिला नाही, पाय दुखत होते. चहा दोन, ३००.

१२ एप्रिल, दिंगबोचे

४४१० मीटर. ऑक्सिजन ८३. डोकं ठणकतंय. डाळभात ९००, गरम पाण्याचा थर्मास १२००, चार्जिंग ७००. पाणी विकत घेताना जीव जातो. खोकला सुरू.

१४ एप्रिल, लोबुचे

थुकलाच्या चढावर स्मृतिशिळांची रांग. बाबू चिरी शेर्पाची शोधून पाहिली. १९९९ मध्ये हा माणूस ऑक्सिजन न लावता शिखरावर २१ तास राहिला. २००१ मध्ये कॅम्प दोनजवळ हिमभेगेत पडून गेला. फोटो काढला नाही, वारा फार. खोकला.

१६ एप्रिल, बेस कॅम्प

५३६४ मीटर. ऑक्सिजन ७९. तंबू दगडांवर, दगड बर्फावर. रात्री चार वेळा हिमकडा कोसळल्याचा आवाज, चारही वेळा उठून बसलो. खोकून खोकून बरगड्या दुखतायत. तंबूतला जोडीदार मात्र घोरतो.

१९ एप्रिल

पूजा. ती झाल्याशिवाय आमचे शेर्पा आईसफॉलमध्ये, म्हणजे कॅम्पच्या वरच्या तुटक्या हिमनदीत, पाय ठेवत नाहीत. धुपीचा धूर, एकमेकांच्या गालांना त्साम्पाचं पीठ, चोर्तेनपुढे बर्फकुऱ्हाडी आणि क्रॅम्पॉन रांगेत. नंतर रम. डॉक्टर नाचले.

२१ एप्रिल

इथे पाणी ८२-८३ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ दिवसभर ठेवली तरी दाणा दाणा वेगळा. सगळी भिस्त कुकरवर, आणि कुकरची रबर गेलेली. आमचे स्वयंपाकी दाई (नेपाळीत थोरला भाऊ) त्याच्यापुढे उकिडवे बसून झाकणाचा दांडा फडक्यानं दाबून धरतात, शिट्टी झाली की बोट मोडतात. दोन्ही हातांची बोटं मोडून झाली की डाळ शिजली.

त्यांना मेतकूट दाखवलं. "यो के हो?" म्हणून हुंगलं, जिभेवर ठेवलं, काही बोलले नाहीत. संध्याकाळी ते सूपमध्ये आलं. झकास लागलं. लीडरांनी फर्मान काढलं, मेतकूट कॅम्प दोनसाठी राखून ठेवा. दाईंनी डबा लपवला.

२४ एप्रिल, कॅम्प एक

रात्री दोनला निघालो. ऊन चढलं की बर्फ सैल होतं, त्याआधी आईसफॉलबाहेर पडायचं. वाट 'आईसफॉल डॉक्टरां'ची. शेर्पांची ही तुकडी हंगामाआधीच शिड्या आणि दोर लावते, आणि हिमनदी सरकत राहते म्हणून पुन्हा पुन्हा लावत बसते. १८ एप्रिल २०१४ ला पश्चिम खांद्यावरून हिमकडा कोसळला, १६ नेपाळी कामगार गेले. आमची वाट त्या बाजूपासून दूर, मधून होती. मधूनही मान आपोआप डावीकडे वळते.

शिडीवर बुटाचा मध्य पायरीवर आणायचा, क्रॅम्पॉनचे दात पुढे आणि मागे. खाली बघितल्याशिवाय पायरी दिसत नाही, आणि पायरीसोबत बाकीचंही दिसतं. अॅल्युमिनियमवर दात वाजतात, शिडी मध्यावर लवते. मी पलीकडे गेलो तेव्हा आमचे दोन शेर्पा वरून परतत होते, कॅम्प दोनला माल टाकून. त्यांना नाश्त्याला खाली पोचायचं होतं. आम्हाला इथवर नऊ तास.

२८ एप्रिल, कॅम्प दोन

वारा. मेतकूट-भात चार घास. शौचाला पिशवी, २०२४ पासून सक्तीची, आणि ती आपली आपण खाली न्यायची. सत्कारसभांत हे कुणी सांगत नाही.

३० एप्रिल

कॅम्प तीन, ७२०० च्या आसपास. ल्होत्सेची भिंत, निळा कडक बर्फ. हात लावून परत. लिहवत नाही.

७ मे, पांगबोचे

जाड हवा खायला खाली आलोय. रिकिकुर खाल्ले, बटाट्याची जाड धिरडी, वर नाकचं, म्हणजे याकच्या मादीचं, लोणी आणि मिरची. तीन. झोपलो. उठून अजून एक.

१२ मे, बेस कॅम्प

शिखरावरचा जेटस्ट्रीमचा वारा उत्तरेकडे सरकला की मे महिन्यात थोडे शांत दिवस मिळतात. अंदाजात ते दिवस रोज पुढे जातात. रमीत हरलो. लीडर पुन्हा १९९८ वर आले, सुरेंद्र चव्हाणांनी महाराष्ट्रातून पहिल्यांदा हे शिखर गाठलं त्या सालावर. गोष्ट पाठ झाली आहे, तरी मध्ये कुणी बोललं नाही.

१३ मे

अंदाज बदलला. रमी.

१५ मे

ठरलं. २० किंवा २१. आज रात्री निघायचं. माझ्या वाट्याचे ऑक्सिजन सिलिंडर साउथ कोलवर आधीच जाऊन बसलेत, मी ७९०० च्या जवळपासही गेलेलो नसताना. कुणी नेले विचारलं, तर दोन नावं कळली. त्यातला एक आज पहाटे उरलेला माल घेऊन पुन्हा वर गेला. परतल्यावर त्याला काय द्यायचं यावर डॉक्टरांशी वाद झाला. ते म्हणतात बक्षिसी सगळ्यांना सारखी. मी म्हणतो, खेपा मोजून. भरियांना किलोवर मोजता, मग इथे का नाही? मिटलं नाही.

निघायचं एकला, नाश्ता बाराला, अलार्म साडेदहाचा. लीडरांना बुटाची नाडी बांधायला एवढा वेळ का लागतो, देव जाणे.