कुलूप कोणाला, चोराला की वाचकाला?

दिल्लीच्या पहाडगंजात हॉटेलं आणि दुकानांची नुसती दाटी आहे. याच वस्तीत नूतन मराठी विद्यालयही आहे. इथल्या मराठी घरांत चकली, मेतकूट, गोडा मसाला कुणी ना कुणी गावाहून आणतंच. पण जुनं मराठी पुस्तक हवं असेल, तर मात्र पंचाईत होते.

तिथल्या एका निवृत्त शिक्षिकेने यावर उपाय शोधला होता. नातवाने तिला 'इंटरनेट आर्काइव्ह' हे मोफत ग्रंथालय कॉम्प्युटरवर उघडून दिलं होतं. दुपारची कामं आटोपली की ती हरि नारायण आपट्यांच्या काळातली पुस्तकं वाचत बसे. यात चोरी कसली? आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं आणि आपटे तर १९१९ मध्येच वारले.

ऑगस्ट २०१७ मध्ये एके दिवशी पुस्तकाऐवजी पडद्यावर सूचना झळकली, 'सरकारी आदेशावरून हे संकेतस्थळ बंद करण्यात आलं आहे.' बाई घाबरल्याच. आयुष्यभर मुलांना प्रामाणिकपणा शिकवला आणि आता आपणच गुन्हेगार ठरलो की काय?

''अगं आजी, तू काही केलं नाहीस,'' नातू म्हणाला. ''कुणाचा तरी सिनेमा चोरीला जाऊ नये म्हणून तुझं ग्रंथालय बंद केलंय.''

झालं होतंही तसंच. दोन हिंदी चित्रपटांच्या निर्मात्यांच्या अर्जांवर मद्रास उच्च न्यायालयाने अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळं रोखण्याचा आदेश दिला होता. त्या यादीत हे ग्रंथालयही होतं. पुढे ते पुन्हा खुलं झालं, पण आदेशापूर्वी त्याचं म्हणणं कुणीच ऐकून घेतलं नव्हतं.

चित्रपटांची चोरी ही काही क्षुल्लक गोष्ट नाही, हे बाईंनाही पटतं. त्यांचा भाचा मुंबईत डबिंगचं काम करतो. सिनेमा पहिल्याच दिवशी फुकटात मोबाइलवर फिरला, तर नुकसान केवळ नटाचं होत नाही, अशा कारागिरांच्याही पोटावर पाय येतो. म्हणूनच २०२३ च्या चित्रपट कायद्यातील दुरुस्तीने थिएटरमध्ये चोरून चित्रण करणाऱ्याला ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड ठेवला आहे. त्याच वर्षी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यांना तक्रार आल्यावर ४८ तासांत चोरीचा चित्रपट इंटरनेटवरून हटवायला सांगण्याचा अधिकारही मिळाला.

चोराला शिक्षा व्हावी, यात दुमत नाही. प्रश्न आहे तो घाईचा. एका घरात चोर शिरला म्हणून संपूर्ण आळीला कुलूप लावायचं का? मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१६ मध्ये 'ढिशूम' चित्रपटाच्या प्रकरणात हाच विवेक दाखवला होता. संपूर्ण संकेतस्थळं सरसकट बंद करण्यास नकार देऊन त्यांनी नेमके पत्ते मागितले. एवढंच नव्हे, तर केवळ पाहणं हा गुन्हा नसून विनापरवानगी वाटणं, विकणं वा जाहीर दाखवणं हा गुन्हा आहे, असंही स्पष्ट केलं.

अमेरिकेत २०१२ मध्ये असाच एक कडक कायदा येऊ घातला होता. १८ जानेवारीला इंग्रजी विकिपीडियाने निषेध म्हणून दिवसभर आपली पानं काळी ठेवली आणि तो प्रस्ताव बारगळला. लोक बोलले म्हणूनच ते घडलं.

आपणही दोन गोष्टी करू शकतो. कौटुंबिक ग्रुपवर आलेला चोरीचा सिनेमा पुढे पाठवायचा नाही, मग तो पाठवणारे साक्षात मामंजी का असेनात. आणि निर्दोष संकेतस्थळ बंद झालं तर 'आपल्याला काय त्याचं?' म्हणून गप्प बसायचं नाही. सिनेमा आज ना उद्या टीव्हीवर लागेलच. घरापासून दूर राहणाऱ्या माणसाच्या हातून त्याच्या भाषेतलं पुस्तक गेलं, तर ते त्याला परत कोण आणून देणार?